बजेट फोन आणि पाणी: आयपी रेटिंग कसं वाचायचं आणि फोन भिजला तर काय करायचं

माझा मागचा फोन पाण्याने मेला नाही, चार्जरने मेला. झालं असं की पावसात फोन खिशात होता, आल्यावर पुसला, चालू होता, टच नीट, कॅमेरा नीट, मी खूश, बॉक्सवर आयपी५२ (धूळ-पाण्यापासून फोन किती वाचतो ते सांगणारा कोड) लिहिलंय ना मग काय, आणि झोपताना नेहमीसारखा चार्जिंगला लावला. सकाळी बघतो तर १४ टक्के. पिन काढली, लावली, हलवली, काही नाही. पोर्टात टॉर्च मारून बघितलं तर मधली जी बारीक जीभ असते तिच्या एका कडेला टाचणीच्या टोकाएवढा हिरवट काळा ठिपका. तेवढ्याने पोर्ट गेला. पाणी आत गेलेलं दोन थेंब, ते नुसते वाळू दिले असते तर बहुतेक काहीच झालं नसतं, पण त्यात रात्रभर करंट मी सोडला.

तेव्हापासून एवढं पक्कं कळलंय की स्वस्तातल्या फोनचं पाण्याने जेवढं वाटोळं होतं त्याहून जास्त आपण नंतर जे करतो त्याने होतं. पण ते नंतरचं कळायला आधी ते आकडे काय सांगतात ते माहीत हवं, म्हणून सुरुवातीपासून लिहितोय.

१. आधी नेमकं काय लिहिलंय ते शोधा

जाहिरातीतला पाण्यातला फोटो बघू नका, स्पेसिफिकेशनची यादी उघडा. आयपी आणि पुढे दोन आकडे असतील तर रेटिंग आहे. नुसतं 'स्प्लॅश रेझिस्टंट' किंवा 'वॉटर रिपेलंट डिझाइन' असं लिहून आकडा दिलाच नसेल तर त्या शब्दांच्या भरवशावर राहू नका. ते खोटंच असेल असं नाही, बऱ्याच स्वस्त फोनमध्ये सिम ट्रेला रबर असतं, काहींच्या बोर्डावर पाणी न धरणारं नॅनो कोटिंग पण असतं, फक्त कंपनीने आकडा दिलेला नसतो कारण आकडा दिला की कारखान्यातून निघणारा प्रत्येक पीस तसाच घट्ट चिकटलेला असायला लागतो, आणि बजेट फोनमध्ये तेवढा काटेकोरपणा आणि वरून टेस्टिंगचा खर्च परवडत नाही.

इथे नवीन लोकांचा हमखास होणारा एक घोळ सांगतो. 'ओल्या हाताने पण टच चालतो', 'पावसात पण टच चालतो' असं फीचर हल्ली भरपूर फोनमध्ये येतं आणि लोक त्यालाच वॉटरप्रूफ समजतात. ते फक्त टचचं सॉफ्टवेअर आहे. स्क्रीनला पाण्याचा थेंब आणि बोट यातला फरक पटकन कळत नाही, म्हणून भिजल्यावर स्क्रीन आपोआप काहीही दाबत सुटते, तेवढं या फीचरने सुधारतं. पाणी आत जाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरं म्हणजे पूर्ण नाव बघा. रेडमी नोट १३ ला आयपी५४ आणि त्याच सिरीजच्या नोट १३ प्रो प्लसला आयपी६८, नाव जवळपास तेच, प्रकरण वेगळं. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून नवीन फोनला एनर्जी लेबल लागतं आणि त्यावर आयपी रेटिंग पण छापावं लागतं, त्याची नोंद एप्रेल नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये कुणालाही बघता येते. तुम्ही कुठेही राहत असाल तरी खात्री करायला उपयोगी पडतं, फक्त एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत थोडा वेगळा असू शकतो एवढं लक्षात ठेवा आणि मॉडेल नंबर जुळवून बघा.

२. आकडे वाचायला शिका

हे सगळं आयईसी ६०५२९ नावाच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधून येतं. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. एखाद्या जागी एक्स असेल, म्हणजे आयपीएक्स७ वगैरे, तर त्या बाबतीत रेटिंग दिलेलं नाही. एक्स म्हणजे शून्य नाही आणि भारी पण नाही, माहिती दिलेली नाही इतकंच. पाण्यासाठी आपल्याला दुसराच आकडा बघायचाय, म्हणून आयपी५४ आणि आयपी६४ यात पाण्याच्या बाबतीत काडीचा फरक नाही, फरक धुळीचा आहे, आणि ६४ बघून जास्तीचे पैसे मोजणारे लोक मी पाहिलेत.

आता दुसरा आकडा. २ म्हणजे वरून ठिबकणारं पाणी, फोन १५ अंश कलवून चार बाजूंनी अडीच अडीच मिनिटं, एकूण १० मिनिटं. पाणी पडतं मिनिटाला ३ मिलिमीटर, म्हणजे तसं कमी नाही, पण ते हळू आणि वरूनच पडतं. खरा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि खिशात तर फोन उलटाच असतो, चार्जिंगचं भोक वर, माझ्या आयपी५२ चं तिथेच फसलं. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंतचा फवारा. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी. बजेट फोनमध्ये सगळ्यात जास्त दिसतात ते हेच तीन आकडे, आणि यातल्या एकातही फोन पाण्यात बुडवलेला नसतो. एकदाही नाही. आयपी५४ वाला फोन बादलीत पडून जिवंत निघाला तर ते तुमचं नशीब.

५ पासून पाण्याचा झोत येतो. ५ ला ६.३ मिलिमीटरच्या तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर, ६ ला १२.५ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे ७ पेक्षा कठीण, पण किती कठीण ते कंपनी स्वतः ठरवते, बऱ्याच फोनला १.५ मीटर ३० मिनिटं असतं, म्हणून आयपी६८ दिसलं की खाली बारीक अक्षरात खोली आणि वेळ किती दिलीय ते वाचायचं. आणि ९ म्हणजे ८० अंश सेल्सिअस गरम पाण्याचा ८० ते १०० बार प्रेशरचा झोत, अगदी जवळून, चार कोनांतून ३०-३० सेकंद.

आता महत्त्वाचं. ६ पर्यंत हे आकडे जिन्यासारखे आहेत, वरच्या पायरीत खालच्या सगळ्या येतात. ७ पासून जिना तुटतो. बुडवून पास झालेला फोन झोतात पास होईलच असं स्टँडर्ड म्हणत नाही, आणि झोतात पास झालेला बुडवल्यावर टिकेल असंही नाही. म्हणूनच काही कंपन्या आयपी६६, आयपी६८, आयपी६९ असे तीन तीन आकडे एकत्र छापतात, तो शोऑफ नाही, प्रत्येक टेस्ट खरंच वेगळी आहे. नुसतं आयपी६९ लिहिलेलं असेल तर त्यात बुडवण्याबद्दल अक्षर नाही, लोकांना वाटतं ६९ म्हणजे ६८ च्या वर.

स्वस्त फोनला हे असतच नाही असं पण समजू नका. २०१५ चा तिसऱ्या पिढीचा मोटो जी आयपीएक्स७ होता, फक्त मागचं कव्हर नीट दाबून बसवलेलं असण्याची अट होती. २०२१ ला गॅलेक्सी ए५२ आयपी६७ घेऊन आला, मग २०२४ ला ओप्पो एफ२७ प्रो प्लस थेट आयपी६९ पर्यंत गेला. माझं मत विचाराल तर रोज पाण्याशी काम नसेल तर ४ हा आकडा पुरे, उरलेले पैसे स्टोरेज नाहीतर बॅटरीवर घाला. नदी, बोट, शेत, बाईकवरचा मॅप, ओले हात असलं काम असेल तर मात्र ७ किंवा ८ च्या खाली जाऊ नका.

३. टेस्टमध्ये काय नसतं

टेस्ट होते नव्याकोऱ्या फोनवर, साध्या स्वच्छ पाण्यात. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे.

साबण सगळ्यात आधी, कारण लोक आयपी६८ फोन बिनधास्त साबणाने धुतात. स्पीकर आणि माइकच्या भोकांमागे एक बारीक जाळी किंवा पडदा असतो, हवा जाते पण पाणी अडतं, कारण पाणी स्वतःला ताणून धरतं, त्याला पृष्ठताण म्हणतात, शाळेत होतं. बघायचं असेल तर बारीक जाळीची गाळणी घ्या, त्यावर अलगद एक थेंब सोडा, तो जाळीत अडकून लेन्ससारखा थरथरत बसेल. आता साबण लावलेल्या बोटाने त्याला नुसता स्पर्श करा. सटकन खाली. फोनच्या जाळीचं पण साबणाच्या पाण्यात असंच होऊ शकतं. शॅम्पू, हँडवॉश, डिटर्जंट सगळं त्यातच आलं.

मग वाफ. गरम पाण्याने आंघोळ करताना गाणी लावायला फोन बाथरूममध्ये नेतात, त्यावर एक थेंब उडत नाही तरी दोन दिवसांनी कॅमेऱ्याच्या काचेच्या आतून धुकं दिसतं. गरम बाथरूममध्ये फोन तापतो, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते, बाहेर आणला की फोन गार होतो आणि आतली हवा आकसून बाहेरची दमट हवा ओढून घेते, मग ती वाफ आत गार काचेवर बसते. पाणी अडवणारा पडदा वाफ अडवेलच असं नाही.

मीठ आणि क्लोरीन, म्हणजे समुद्र आणि स्विमिंग पूल. खाऱ्या पाण्यातून वीज जास्त सहज वाहते, त्यामुळे गंज पण झपाट्याने चढतो. यावरून मोठं प्रकरण झालेलं आहे, ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला कोर्टाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, कारण जाहिरातींत फोन पूल आणि समुद्रात वापरताना दाखवले होते आणि प्रत्यक्षात तसं भिजून पोर्ट ओला असतानाच चार्जिंगला लावला तर तो गंजून बंद पडू शकत होता. वाचून मला माझा तो हिरवा ठिपकाच आठवला. त्याआधी २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी युरोचा दंड केला होता, एकीकडे पाण्याला टिकतो म्हणून जाहिरात आणि दुसरीकडे पाण्याने बिघडला तर वॉरंटी नाही, हा त्यातला एक मुद्दा. महागड्या फोनची ही गत, मग आपल्या बजेट फोनची वॉरंटी पाण्याला धरून असेल असं समजूच नका, अगदी आयपी६८ छापलेलं असलं तरी.

आणि वय. मागचा पॅनल आणि डिस्प्ले गमच्या पट्टीने चिकटवलेले असतात. फोन रोज तापतो, गार होतो, मागच्या खिशात घालून आपण त्यावर बसतो, दोन चार वेळा पडतो, ती पट्टी कुठेतरी केसाएवढी सुटते. बाहेरून काही दिसत नाही. कंपन्या स्वतःच लिहितात की हे संरक्षण कायमचं नाही. दोन वर्षं वापरलेल्या आयपी६७ ला मी मनातल्या मनात आयपी५४ धरतो, याला शास्त्र वगैरे काही नाही, माझी सवय.

४. स्वतःचा फोन तपासा

सिम ट्रे काढा आणि उजेडात धरा. तोंडाशी काळी, लाल किंवा पांढरी रबराची बारीक रिंग दिसते का? ती असेल तर तिच्यावर केस, धूळ, कापडाचा धागा नाही ना ते बघा, कारण एक केस आडवा आला तरी पाण्याला रस्ता मिळतो. ती चिरलेली किंवा वळलेली असेल तर नवीन ट्रे मिळतो. रिंग आहे म्हणून रेटिंग आहे असं होत नाही, पण रेटिंगवाल्या फोनची रिंग गेली तर त्या रेटिंगला अर्थ राहत नाही.

मग कडेने नख फिरवा, डिस्प्ले आणि फ्रेमच्या मध्ये कुठे नख अडकतं का, मागचा पॅनल दाबल्यावर कुठे टिक टिक वाजतो का. बॅटरी फुगल्यामुळे पॅनल उचलला गेला असेल तर पाण्याचं सोडा, आधी बॅटरी बदला. आणि फोन एकदा जरी उघडला असेल, डिस्प्ले बदलला असेल, बॅटरी बदलली असेल, तर रेटिंग संपलं असं धरून चाला. रिपेअरवाला ट्यूबमधला गम लावून चिकटवतो, तो फोन धरून ठेवतो, पाणी अडवेलच याची गॅरंटी नाही. त्या मॉडेलची तयार कापलेली चिकटपट्टी मिळते, ती लावाल का असं आधीच विचारा.

५. पाण्याजवळ नेताना

पाऊच वापरा, पण आधी रिकामा तपासा. आत कोरडा टिश्यू पेपर घालायचा, बंद करायचा, बादलीत तळाशी वजनाखाली अर्धा तास ठेवायचा, काढून बाहेरून पुसून मग उघडायचा. टिश्यूचा एक कोपरा जरी ओला लागला तरी पाऊच फेकून द्या. दर सीझनला परत करा, घडीच्या जागी प्लास्टिक चिरतं. साधं बॅक कव्हर मात्र पाण्यासाठी काही कामाचं नाही, उलट त्याच्या आत पाणी साचून बटणांपाशी बसून राहतं.

आणि बॅकअप आजच चालू करा. फोन नवा घेता येतो.

६. भिजला, आता काय

काढा, आणि लगेच बंद करा. 'चालू आहे की नाही बघू' म्हणून चारदा बटण दाबू नका, ओल्या बोर्डात करंट फिरला की शॉर्ट होतो नाहीतर गंज सुरू होतो, वीजच नसेल तर तेच पाणी बरंच निरुपद्रवी असतं. चार्जरला लावलेला असताना भिजला असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मग वायरला हात लावा.

कव्हर काढा, मऊ कापडाने पुसा. फोन पूर्ण पुसून झाल्यावरच सिम ट्रे काढायचा, आणि तो सुद्धा भोक खाली करून, नाहीतर कडेला थांबलेलं पाणी आपणच आत ओततो. पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच टिचक्या मारा. जोरात झटकू नका, थेंब बाहेर यायच्या ऐवजी आत पसरतो. तोंडाने फुंकू नका, हेअर ड्रायर नको, त्या गरम हवेने गम सैल होतो आणि वाफ आत ढकलली जाते. पोर्टात कापूस, टूथपिक, टिश्यूची वळकटी काही घालू नका.

तांदूळ पण नको. डब्यात तांदूळ घालून फोन पुरून ठेवायचा हा उपाय जगभर सगळ्यांना माहीत आहे आणि ॲपलने तर आपल्या सपोर्ट पेजवर स्पष्ट लिहिलंय की असं करू नका, कण आत जाऊन नुकसान करू शकतात. तांदूळ ओलावा ओढतो पण फार हळू, वर पोर्टात पीठ जातं. त्यापेक्षा पंख्यासमोर, पोर्ट खाली आणि हवेच्या दिशेने राहील असा टेकवून ठेवा. रेटिंगवाला फोन फक्त शिंतोड्यांनी भिजला असेल तर काही तास, पाण्यात पडला असेल तर पूर्ण २४ तास. हे २४ तास फार मोठे वाटतात मला माहितीये.

समुद्राचं पाणी, पूलचं पाणी किंवा एखादं गोड पेय सांडलं असेल तर हिशोब वेगळा. फोन आयपी६७ किंवा ६८ असेल आणि कधी उघडलेला नसेल तर बंद करून साध्या स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन घ्या, कारण मीठ किंवा साखर आत वाळणं जास्त वाईट. त्याखालचं रेटिंग असेल किंवा रेटिंगच नसेल तर धुवायचं नाही, बंद करायचा आणि त्याच दिवशी रिपेअरवाल्याकडे न्यायचा. तो उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर काढेल आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करेल. रेटिंग नसलेला फोन साध्या पाण्यात बुडाला असेल तरी हेच, कारण आत गेलेलं पाणी बाहेरून वाळवून सगळं निघत नाही, आणि 'आठवडाभर छान चालला मग अचानक डेड झाला' ही तक्रार बहुतेक तिथूनच येते, बोर्डवर गंज हळूहळू पसरत असतो.

७. चार्जरला लावायच्या आधी

पोर्टात टॉर्च मारा. चमक दिसतेय म्हणजे अजून ओल आहे. हिरवट, काळपट किंवा पांढरट काही दिसलं तर चार्जिंग नको, आधी साफ करून घ्या. बऱ्याच नव्या फोनमध्ये पोर्टात ओल सापडली की थेंबाचं चिन्ह किंवा वॉर्निंग येते आणि चार्जिंग थांबतं, ती वॉर्निंग डिसमिस करून किंवा केबल दहादा काढून लावून फसवायचा प्रयत्न करू नका. वायरलेस चार्जिंग असेल तर मागची बाजू पुसून तेवढ्यापुरतं वापरता येतं, पण बजेट फोनमध्ये ते सहसा नसतं, मग थांबायचं. बॅटरी संपली तर संपू दे, बंद पडलेला ओला फोन चालू असलेल्या ओल्या फोनपेक्षा सुरक्षित आहे.

रिपेअरला नेलात तर तो सिम ट्रेच्या भोकात टॉर्च मारून एक छोटा स्टिकर बघेल. बऱ्याच फोनमध्ये तो असतो, कोरडा असताना पांढरा, पाणी लागलं की लाल किंवा गुलाबी होतो. तो लाल झाला की वॉरंटीवाले बहुतेक हात वर करतात. सेकंड हँड फोन घेताना पण तिथेच टॉर्च मारायचा, विकणारा काहीही सांगू दे.

चालू झाल्यावर आवाज दबका येत असेल तर घाबरू नका, स्पीकरच्या जाळीत पाणी असतं, एक दोन दिवसांत बरेचदा सुटतं. माइक मात्र नक्की तपासा, कारण तो बिघडलेला आपल्याला कळत नाही, समोरच्याला कळतो. व्हॉइस रेकॉर्डरवर दहा सेकंद बोला, मग कुणाला तरी एक कॉल स्पीकरवर टाकून लावा आणि एक साधा कानाला लावून, बऱ्याच फोनमध्ये खाली आणि वर असे दोन माइक असतात आणि एक गेला तरी दुसऱ्यावर काम भागतं, म्हणून दोन्ही प्रकारे बोलून बघा.